मोहाखालचं बोलणं

भागीरथीबाईवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, होळीनंतरच्या आठवड्यात, ज्या पहाटे तिच्या थोरल्या मुलानं तिच्या हातातली टोपली काढून घेतली त्या पहाटे. अन्याय करणारा मालगुजार नव्हता, सावकार नव्हता. पोटचा लेक होता, आणि त्यानं तो मायेनं केला. म्हणून गावात कोणाला तो अन्याय वाटलाच नाही.

भागीरथीबाई माझी मोठीमाय, वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठेबाबांची बायको. माघात ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चांद्याच्या छापखान्यात बेगारीविरुद्धचं पत्रक तपासत उभा होतो. ते तसंच टाकलं आणि सावली गावाकडं जाणारी मोटार धरली. मला सभेत बोलायची सवय, हळवं लिहायची नाही. पण त्या वाटेवर मला तिचं मरण आठवत नव्हतं, हसणं आठवत होतं... आणि ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात सून आली की सासू-सासऱ्यांचं बोलणं संपतं. मोठेबाबा पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, मोठीमाय मागे चुलीपाशी. चारचौघांत नवऱ्याजवळ बसली तर म्हातारी चळली म्हणतात. मग मोठेबाबा गोठ्यातल्या बैलाशी बोलायचे. ‘‘काऊन रे बांड्या, आज भाजीत मीठ टाकाचं राह्यलं वाट्टे?’’ आणि आतून मोठीमाय मांजरीला सांगायची, ‘‘ज्याले खारट पायजे त्यानं वाटीत घ्यावं, माये!’’ आम्ही पोरं हसत असू. त्या बैलाला आणि मांजरीला घरातलं जितकं ठाऊक होतं तितकं त्या दोघांना एकमेकांचं ठाऊक नसावं, असंच मी समजत होतो.

ते खोटं होतं. त्यांचं एक झाड होतं, गावाबाहेर जंगलाच्या कडेला, आमच्या शेवटच्या बांधावरचा मोह. चैतात फुलं गळू लागली की दोघं पहाटेच टोपल्या घेऊन निघत. काम होतं, म्हणून कोणी नावं ठेवत नसे. टोपली भरेस्तोवर हात कामात आणि तोंडं मोकळी. दोन वर्षांपूर्वी एका सभेहून पायी येताना मी तिथून गेलो. मोठीमाय वाकून फुलं वेचत होती आणि मोठेबाबांना फैलावर घेत होती.

‘‘डोळे गेले का तुमचे? पायाखाली फुलं चेंदून राह्यले ना!’’

‘‘डोळे नाई गेले, भागे. तुह्याकडे होते.’’

‘‘अगाई! सुना आयकतीन.’’

‘‘सुना अर्ध्या कोसावर हायेत. त्यायचे कान काय तारयंत्र हायेत?’’

आणि ती हसली. टोपली खाली ठेवून, कमरेवर हात देऊन हसली. जन्मभर ‘तुळश्याची माय’ म्हणून ऐकलेल्या बाईला भागी असं स्वतःचं एक नाव आहे हे मला त्या झाडाखाली कळलं. मी आवाज न करता वाट बदलली.

पुढच्या वर्षी तिचा थोरला, तुळशीराम, पंचायतीत निवडून आला. पंचाचे मायबाप फुलं वेचतात, हे त्याला बरं दिसेना. टोपली काढून घेतली, झाड निम्म्या वाट्यानं दुसऱ्याला दिलं. ‘‘माय, लई खपली. आता आराम कर,’’ म्हणाला. मोठेबाबांना नवी गादी, तिला नवी घोंगडी. गाव म्हणालं, लेक असावा तर असा. दिवाळीला मी गेलो तेव्हा मोठीमाय मागच्या दारात उन्हाला बसली होती. बांड्या म्हातारा झाला म्हणून तोही विकला होता.

‘‘आराम देला बापा पोरानं,’’ ती म्हणाली. ‘‘पण बोलू कोणासंग? तू तुळश्याले सांग ना, एक चैत जाऊ दे आमाले.’’

मी सांगितलं. चांगला भांडलो. तुळशीराम मलाच हसला, ‘‘दोन टाइम गरम जेवण हाये, अंथरूण हाये, औषधपाणी हाये. अजून काय पायजे रे भाऊ? या वयात जोडीनं जंगलात जातीन त लोक थुंकतीन माह्यावर.’’ तो खोटं बोलत नव्हता. जेवण खरंच गरम होतं... चैत यायच्या आत ती गेली.

तेराव्याला सपरीत लोक बसले होते. ‘‘लेकरायनं सुखात ठेवलं, मोठं पुण्य,’’ असं जो येई तो म्हणे. मोठेबाबा मान हलवत. आता मोह गळतो आहे. परवा गेलो तर तुळशीराम, डोळे लाल झालेला तुळशीराम, टोपली घेऊन बापापुढं उभा होता. ‘‘बाबा, जा ना झाडाकडे. मी नाई अडवत.’’

मोठेबाबांनी टोपलीकडं पाहिलंही नाही. ‘‘फुलं वेचाले कोण जात होतं रे?’’ एवढंच म्हणाले.

वाचणाऱ्या लेकांनो, सुनांनो, तुमच्या घरी आज दोघंही जिवंत असतील. गादी, घोंगडी द्याच, त्यानं पुण्य मिळत असेल तर मिळवा. पण हा अंक खाली ठेवा, आईला बाबांजवळ नेऊन बसवा, आणि तुम्ही घराबाहेर निघा. हाक येईपर्यंत परत येऊ नका.