गुडघ्याचं वय

मैत्रिणींनो, आत्ताच संगमनेरला डॉक्टरांना गुडघा दाखवून आले. आतलं लिगामेंट जुनंच तुटलेलं आहे. म्हणाले, "आजी, तरुणपणी लवकर भरून येतं. आता सांधाही झिजलाय, या वयात ऑपरेशन नको."

एकाहत्तर साली मी एकोणीस वर्षांची होते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन पाटात घसरले, गुडघा पिरगळला. सासरे म्हणाले, "तरणी हाय, चार दिसांत बरी हुईल." पाचव्या दिवशी पुन्हा डोक्यावर मोळी.

त्याच महिन्यात आमचा बैल लंगडला. "त्याचं वय झालंय, त्याला जपाय पायजे," म्हणून महिनाभर गोठ्यात बसवला. त्याचा पाय शेकायला मीच, लंगडत.

आज डॉक्टर विचारतात, "तेव्हाच का नाही दाखवलं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? मी काही बैल नव्हते.