सरकारच्या वाट्याची अर्धी सुपारी

जालना स्टेशनात गाडी लागली तेव्हा माझ्या खिशात पासपोर्ट होता आणि त्याच्या मागे, रुमालाच्या गाठीत, अर्धी सुपारी. माय खिडकीची सळई धरून उभी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे कमी आणि खिशाकडे जास्त बघत होते. "बराबर त्यांच्याच हाती दे," एवढंच म्हणाले. 'त्यांच्या' म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका राज्य सरकारच्या.

आमच्या गावी, टेंभुर्णीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या.

नवीन जालन्यात मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि शंभरातलं किती उगवतं ते बघायचं, हे माझं काम. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण मोजतात, माझे थोडे कमी पडत होते. पण तिकडच्या एखाद्या राज्याने 'हा माणूस आम्हाला हवा आहे' असं लिहून दिलं तर ते भरून निघत. बदल्यात आपण लिहून द्यायचं, की पहिली दोन वर्षं तुमच्याच राज्यात राहीन. स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत बसून मी अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता : तुम्हाला आमच्याकडेच का राहायचं आहे? मी वाचून थक्क झालो. तोवर सरकारने माझ्याकडे रहिवासी दाखला मागितला होता, त्याच्या झेरॉक्स मागितल्या होत्या, 'का' असं कधी विचारलं नव्हतं. मी लिहिलं, तुमच्याकडे पाऊस आमच्यासारखाच कमी आहे, म्हणजे चांगल्या बियाण्याची कदर असणार.

दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आलं, माझ्या नावाने, खाली एका बाईंची सही. मी ते छापून घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीने गाव गाठलं.

अण्णांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. "त्यांनी काय दिलं?" बोलावणं दिलं, म्हटलं. "आन तू?" दोन वर्षं. "मंग सुपारी फुटली न्हाई अजून."

लग्न ठरलं की आपल्याकडे सुपारी फोडतात. अण्णा कपाशीच्या बीजोत्पादनालाही फोडायचे. आपल्या प्लॉटला लागून दुसऱ्याची कपाशी आली की बियाण्यात भेसळ होते. म्हणून पेरणीआधी ते बांधावर जाऊन शेजाऱ्याबरोबर सुपारी फोडत, अर्धी त्याची, अर्धी आपली. त्या साली शेजारी तिथे मका पेरायचा. कागद नाही की साक्षीदार नाही, पण इतक्या वर्षांत सुपारी फुटल्यावर तिथे कपाशीचं एक झाड आलं नाही.

त्या दिवशी अण्णांनी अडकित्त्याने सुपारीचे दोन भाग केले. एक फाक कोनाड्यात देवाजवळ ठेवली, दुसरी मला दिली. "कागद त्यांचा ऱ्हाऊ दे. ही आपली."

आता, जन्म बियाण्यात गेलेल्या माणसाला परदेशात बी नेता येत नाही हे ठाऊक नसावं काय? ठाऊक होतं. विमानतळावरच्या फॉर्ममध्ये 'बी-बियाणं आहे का' यापुढे मी 'होय' वर खूण केली आणि तपासणीच्या टेबलावर रुमाल सोडला. गणवेशातल्या बाईंनी विचारलं, हे कशासाठी? माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, तुमच्या सरकारला द्यायचं आहे. त्या हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं, फाक पिशवीत घातली, चिठ्ठी लावली आणि माझी सही घेतली. अर्ध्या सुपारीची नोंद करणारं सरकार मी पहिल्यांदा बघत होतो. अण्णांना फोनवर सांगितलं, दिली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पुढे तिकडचं रान बघितलं. एकटा माणूस एवढा गहू पेरतो, की नजर पोचेल तिथवर बांध दिसत नाही. मी दिवसभर बघत राहायचो आणि मनात यायचं, शेजारीच नाही, तर इथे सुपारी फोडायची कुणाबरोबर? पण प्रयोगशाळेतली नोकरी मिळेना. आठ महिने द्राक्षांच्या बागेत छाटणी केली. माझ्यासारखंच लिहून देऊन आलेले एकेक करून दुसऱ्या राज्यात, मेलबर्नला गेले. दोन वर्षं राहिलास का, असं विचारायला कुणी येत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. मलाही तिकडून नोकरीचं पत्र आलं. बॅग भरायच्या आधी घरी फोन लावला.

 अण्णा म्हणाले, "सुपारी त्यांनी घेतल्ती ना?" घेतली होती. "मंग कसा जातो?"

मी गेलो नाही. राग आला, आठवडाभर फोन केला नाही, पण गेलो नाही. वर्ष सरता सरता त्याच राज्यातल्या एका लहान गावी गव्हाचं बी तपासायची नोकरी लागली. लोक नावाने हाक मारू लागले. मी रुळलो, घर घेतलं.

तिसऱ्या वर्षी टेंभुर्णीला आलो. जेवणं झाली तसे अण्णा उठले, कोनाड्यातली फाक काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "दोन वर्षं भरले. शबुद पुरा झाला. आता तू मोकळा हाइस." मग हळूच म्हणाले, "दखनाचं वावर तुझ्यासाठी पडीक ठिवलंय. कधी येऊन राह्यला?"

तेव्हा मला कळलं. अण्णांनी मला तिकडे धरून ठेवलं होतं ते शब्द पुरा करून इकडे परत येता यावं म्हणून. माझ्या लेखी ती दोन वर्षं सुरुवात होती, त्यांच्या हिशेबात ती मुदत होती. माय ताटं उचलायची थांबली होती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अण्णा, अजून थोडे दिवस."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मंग ठिव तिथंच," म्हणाले. मी फाक परत कोनाड्यात ठेवली.

परक्या सरकारला दिलेला शब्द मी पाळला, आणि घरच्यांनी न मागताच मनात धरलेला मोडला. आजही गावी गेलो की चपला काढून आधी त्या कोनाड्याकडे बघतो. फाक तिथेच असते, काळी पडलेली, पुसून ठेवलेली.