माहेरवार यादी

युनियन कामगाराला तारते की बुडवते, या विषयावर मी चहाच्या टपरीवर तासभर बोलू शकतो. समोरचा उठून गेला तरी बोलू शकतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बोलायला चौथी पुष्कळ होते.

माझं मत ठाम होतं. युनियन वाईट. हे मत कसं झालं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा मालकाच्या ताटाखालचं मांजर.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात माझं उभं आयुष्य गेलं. मिल चालते तिथं, उसाचा रस निघतो त्या खात्यात होतो. पहिले काही हंगाम हंगामी म्हणून काढले. गाळप सुरू झालं की बोलावणं, संपलं की घरी. युनियननं भांडून मला कायम केलं. पायात बूट आले तेही युनियनमुळं, त्याआधी अनवाणी पायानं गरम मळीतून फिरायचो. एवढं सगळं पदरात पडल्यावर मी युनियनशीच भांडलो. कारण काय, तर एका गेटसभेत सगळ्यांची भाषणं झाली आणि माझं नाव कुणी पुकारलं नाही. मी दहाबारा जण फोडले आणि दुसरी युनियन काढली. एका गेटवर दोन झेंडे झाले. आमचं आपसात असं जुंपलं, की साहेबलोकांना आमच्याशी भांडायचं कामच उरलं नाही. ठेकेदाराची माणसं आत यायला लागली त्या साली आम्ही दोन्ही बाजूचे काठी घेऊन कुणाचा झेंडा उंच ते मोजत होतो. पुढं मी गावोगाव सांगत फिरलो, की युनियननं कामगारांचं वाटोळं केलं. त्या सांगण्यात माझा भाग किती, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर सुप्याजवळ आमच्या गावी परत आलो. घरी बसवेना. पोरगा टेम्पो घेऊन दिवसभर बाहेर, सून सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. मग मीही त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी मी शिट्टी इतक्यांदा वाजवली, की आतून निरोप आला, गाडी आली तरच वाजवा.

कंपनीत मोटारींना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधतात. लाईनवर सगळ्या बायका, सगळ्या ठेकेदाराच्या. आठ तास उभ्यानं काम. बसायला स्टूल नाही. आणि पास सहा-सात महिन्यांचा. तो संपला की 'ब्रेक', म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. असे पास घेत घेत माझ्या सुनेला पाचवं वर्ष लागलं होतं. तिचा पास त्या महिनाअखेरीला संपणार होता.

तेवढ्यात बायकांनी युनियनचं काढलं. सून भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, आमी सह्या करणार हाय. स्टूल पायजे, अन ब्रेक बंद पायजे."

मी सुरू झालो. कारखान्याचं सांगितलं, दोन झेंड्यांचं सांगितलं, माझं बोट कापलं होतं तेही मधेच दाखवलं. ती तव्यावरची भाकरी उलटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे युनियन वाईट न्हवती. तुमी वाईट हुता."

"मी?"

"मग झेंडा कुणी फोडला? सासूबाई सांगायच्या सगळं."

आमची मंडळी जाऊन तीन वर्षं झाली, तरी घरात माझी बाजू पडतेच. मी म्हणालो, "तुझा पास संपतोय. सही करशील तर परत मिळायचा न्हाई." ती म्हणाली, "न्हाई केली तरी कधीतरी न्हाईच मिळायचा." आणि भाकरी माझ्या ताटात टाकली. मी रागानं दोनच खाल्ल्या. रोजच्याही दोनच असतात, पण त्या दिवशी रागानं.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातले साहेब गेटवर आले. पुण्याचे, वयानं तरुण, बोलायला फार गोड. म्हणाले, "काका, तुम्ही जुने, अनुभवी माणूस. शिफ्ट सुटल्यावर बाहेर लिंबाखाली बायका जमतात, तिथं कोण कोण असतं तेवढं रजिस्टरात लिहून ठेवा."

कशासाठी, ते मला कळत होतं. यादीतल्यांना पुढचा पास मिळणार नव्हता. पण साहेबांनी 'अनुभवी' म्हटलं होतं. कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथं मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, "लिहितो."

दुपारी साडेतीनला शिफ्ट सुटली. बायका लिंबाखाली जमल्या. मी चष्मा चढवला, रजिस्टर उघडलं, आणि अडलो. घरातली सोडली तर एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. पासावर असायचं, पण गेटवर मी फोटो आणि तारीख तेवढी बघायचो. सगळ्या आसपासच्या गावांतल्या सुना. आमच्याकडं दुसऱ्याच्या सुनेला नावानं कोण हाक मारतं? ती जिथून आली त्या गावावरनं ओळखायची. जाऊन विचारावं, तर माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं तरण्या सुनेला तोंडावर नाव विचारायचं, हे मला जमलं नसतं. पण काम हातात घेतलं की मी सोडत नाही. जशा ठाऊक होत्या तशा लिहिल्या.

एक. निघोजकरीण.
दोन. जवळेकरीण, थोरली.
तीन. जवळेकरीण, धाकटी, जिला परवा मुलगी झाली ती नव्हे, दुसरी.
चार. भाळवणीकरीण.

अशा तेवीस लिहिल्या. पाचव्या नंबरलाही त्याच नेमानं लिहिलं, बेलापूरकरीण. ती माझी सून. मी क्षणभर थांबलो, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, घरातली म्हणून वगळली तर लोक काय म्हणतील? अनुभवी माणसानं असं करायचं नसतं. लिहून टाकली. अक्षरसुद्धा त्या ओळीत जरा वळणदार काढलं. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

चार दिवस रोज लिहिलं. पाचव्या दिवशी साहेबांनी रजिस्टर मागितलं. पान उलटलं, परत मागं आले.

"काका, हे काय आहे?"

"यादी. कालची, परवाची, सगळी हाय."

"जवळेकरीण म्हणजे कोण?"

"थोरली का धाकटी?"

"अहो, नाव काय तिचं? आधार कार्डावर काय नाव आहे?"

"ते मला काय ठाव. गावात जाऊन निघोजकरीण कोण म्हणून इचारा, लहान पोर दाखवंल घर."

"मी गावात जाऊ?"

"न्हाई तर पत्र टाका. पोचंल."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः गेटवर थांबतो. आत येताना एकेकीकडं बोट दाखवा. पास मी तिथंच काढून घेईन." एवढं बोलून ते वळले आणि फोनवर कुणाला तरी म्हणाले, "नाही हो, म्हातारा अगदीच अडाणी आहे. बघू, बोट तरी दाखवता येतंय का."

ते मी ऐकलं.

सकाळी सुनेनं चहा पुढं ठेवला. "मामा, आज गप गप?" मी म्हणालो, चहा गोड झालाय. ती डबा भरत होती. दोन डबे, एक तिचा, एक माझा. सांगून टाकावं असं वाटलं, पण सांगायला सुरुवात कुठून करायची ते सुचेना. ती बसनं गेली, मी सायकलनं.

साहेब गेटवर खुर्ची टाकून बसलेले. हातात पास ठेवायला प्लॅस्टिकचा ट्रे. बायकांची रांग लागली. सगळ्यात पुढं आमचीच. गळ्यात पास, खांद्याला डब्याची पिशवी. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काका, ही होती?"

आता मी तुम्हाला सांगू शकलो असतो, की त्या वेळी माझ्या मनात कामगार एकजुटीचा विचार आला. सुनेची माया आली. तसलं काही आलं नाही. डोक्यात एकच शब्द घुमत होता, अडाणी. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"काका, मी विचारतोय."

"दिसत न्हाई."

"दिसत नाही म्हणजे?"

"चष्मा घरी ऱ्हायला."

चष्मा नाकावर होता. साहेबांनी चष्म्याकडं पाहिलं, सुनेनं पाहिलं, मागची कान्हूरकरीण फस्‌कन हसली. मी तसाच समोर बघत उभा. हात बाहेर काढले नाहीत. मागनं रांग ढकलायला लागली, भोंगा झाला, आणि सगळ्या आत गेल्या. ट्रे रिकामाच राहिला.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नका.

घरी मी सांगितलं, राजीनामा दिला. सुनेनं डबे धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून पाय हलवत होतो, तर तिचा फोन. "मामा, डिरेस घालून गेटवर या. आत्ताच्या आत्ता."

"मला काढलंय."

"म्हणूनच या."

जाऊन बघतो तर साठ-सत्तर बाया गेटसमोर रस्त्याच्या कडेला बसलेल्या. डबे मांडीवर, पदर डोक्यावर. कुणी घोषणा देत नव्हतं. आत लाईन बंद. साहेब गेटच्या आत येरझाऱ्या घालत होते. आमची सून उभी राहून त्यांना सांगत होती, "आमचं म्हातारं माणूस परत घ्या, मग आत येतो. स्टुलाचं अन पासाचं बोलायला तारीख द्या." मला बघून बायांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती एवढी फुगली, की शर्टाचं वरचं बटण लागेना.

दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत बसल्या. मग पुण्याहून मोठ्या साहेबांचा फोन आला. म्हातारा परत कामावर. चर्चेला पुढचा मंगळवार. जमलेल्यांपैकी कुणाचाही पास अडवायचा नाही, हे लेखी.

टपरीवाल्यानं सगळ्यांना चहा दिला. बाया माझ्याभोवती गोळा झाल्या. एक म्हणाली, "बाबा, चष्मा नाकावर ठिवून चष्मा न्हाई म्हनला, लई हिंमत केली." खोटी स्तुती मला आवडते, पण इतकी नाही. मी उभा राहिलो.

"बायांनो, हिंमत-बिंमत काय न्हाई. त्येनं मला अडाणी म्हटलं, म्हणून मी हात खिशात घातले. त्याच्या आधी चार दिवस मीच तुमची नावं लिहून देत हुतो."

मला वाटलं, आता कोणीतरी कप फेकून मारणार.

कान्हूरकरीण म्हणाली, "आमाला ठाव हाय की."

"ठाव हाय?"

"रजिष्टर टेबलावर उघडंच टाकून तुमी गाडीला शिट्टी वाजवाया जाता. पयल्याच दिवशी वाचलं."

"अन मला बोलल्या न्हाईत?"

"काय बोलायचं? सायबाला वाचून कायच कळणार न्हवतं. म्हटलं, लिहू द्या."

मागनं चार नंबरची म्हणाली, "माझं माहेर भाळवणी न्हाई, ढवळपुरी. भाळवणी मामाचं गाव. तेवढं चुकलं."

सगळ्या हसल्या. मी खाली बसलो. उरलीसुरली अब्रू गोळा करून विचारलं, "मग माझ्यासारख्यासाठी काम सोडून बसला कशाला?"

यावर सून बोलली. इतर बायांसमोर ती माझ्याशी बोलताना आवाज खाली ठेवते, तसाच ठेवला. "मामा, तुमी गेला असता तर तुमच्या जागी शिकलेला कुणीतरी आला असता. त्याला नावं लिहिता आली असती."

"बस, एवढंच?"

"अजून एक. सगळ्यांना मिळून बसता येतंय का, ते एकदा बघायचं हुतं. पासासाठी बसायचं म्हटलं असतं तर निम्म्या भ्याल्या असत्या. म्हाताऱ्यासाठी बसायला कोण भितंय?"

इतकी वर्षं झेंडा धरून मला ही अक्कल आली नव्हती. मी नेहमी सगळ्यात मोठी मागणी पुढं ठेवायचो, कारण तिच्यावर भाषण मोठं करता येतं. चहाचा कप खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं, की ज्या युनियनविरुद्ध मी चार दिवस खबऱ्या होतो, तिनं जन्मल्याबरोबर पहिलं काम माझं केलं. अजून तिची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती, अर्ज तेवढा नगरला गेला होता. हे चांगलं की वाईट, यावर मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही. बायांनी हे पण ओळखलं असावं, कारण एकीनंही विचारलं नाही.

मंगळवारी चर्चा झाली. स्टुलं मिळाली, दोघींत एक. बाकीचं अजून चालू आहे, आणि मंगळवार पुष्कळ झाले.

चर्चा सुरू झाली तो महिना संपला, सुनेचा जुना पासही संपला. एक तारखेला सकाळी मी गेटवर उभा होतो. बस आली, रांग लागली. आमची पुढं आली. नेहमीप्रमाणे मी हात हलवून तिला आत जायला सांगितलं.

ती तिथंच थांबली. "मामा, पास बघा की. सगळ्यांचा बघता."

मी पास हातात घेतला. नवा होता, प्लॅस्टिकला वास येत होता. मुदतीची तारीख वाचली. फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं. फोटोखाली तिचं नाव होतं, तेही वाचलं. मागून बाया कुरकुरायला लागल्या, तरी उलटून मागची बाजू पण वाचली.

मग आत सोडली.