सगळ्यात वाईट दिवस नकाशात नाहीत

सासरे तिला गमतीने ‘धुरकेबाई’ म्हणायचे. उपग्रहाने वरून टिपलेल्या प्रतिमा बघून हवेत धूर-धूळ किती साठली आहे ते मोजायचं, हे तिचं काम. लग्नाआधीपासून ती तेच करत आली होती.

त्या हिवाळ्यात धुरक्याने कहर केला. समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसेनाशा झाल्या, शाळा बंद पडल्या. एका सकाळी सासऱ्यांनी खोकत विचारलं, “सूनबाई, आज काय म्हणतोय तुझा उपग्रह?”

तिने लॅपटॉप उघडला. आजूबाजूचा सगळा प्रदेश रंगलेला, आणि त्यांच्या शहराच्या जागी नुसती कोरी जागा.

“काहीच म्हणत नाही, बाबा.”

“म्हणजे आंधळं दळतंय...”

“पुढचं बोलू नका,” ती वैतागून म्हणाली.

कारण तिला ठाऊक होतं. ढगाखालची हवा वरून दिसत नाही, म्हणून प्रोग्राम ढगाचा भाग गाळून टाकतो. पण धुरकं फार दाट झालं की तेही वरून ढगासारखंच पांढरट दिसतं, आणि तेही गाळलं जातं. म्हणजे बरे दिवस मोजले जात होते आणि सगळ्यात वाईट दिवस गायब! साहजिकच हंगामाची सरासरी खाली आली, आणि विभागप्रमुखांनी अहवालात लिहून टाकलं: हवा सुधारली.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. “सर, नापासांना परीक्षेला बसूच दिलं नाही, तर निकाल शंभर टक्केच लागणार ना!”

प्रमुख हसले. “छान बोलता. पण कोऱ्या जागेची सरासरी कशी काढू? आकडा आणा, मग बघू.”

ती हट्टालाच पेटली. ढग गोळ्यागोळ्यांचा असतो, धुरकं सपाट पसरतं; ढग सगळे रंग सारखेच परतवतो, धूर निळा रंग गिळतो. एवढ्या फरकांवर तिने नवी चाळणी लिहिली. ती कार्यालयाच्या गच्चीवरच्या, हवा खेचून तिच्यातली धूळ मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदींशी ताडून बघायला गेली, तर टाकी धुणाऱ्यांनी यंत्राचा प्लग काढून तिथे स्वतःचा पंप लावलेला! तिने कपाळावर हात मारला. मधले कित्येक दिवस पाण्यात गेले होते.

तरी नकाशा भरला. कोरी जागा गडद तांबडी झाली. प्रमुखांनी चष्मा लावून पानं उलटली आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

“या दिवशी पाऊस होता. मी स्वतः भिजलोय. तुमच्या चाळणीने ढगालाच धूर ठरवलंय.”

एकच दिवस चुकला होता. पण चुकला होता हे खरं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

“तेवढं दुरुस्त करते, सर. तोवर अहवाल थांबवा. निदान एक तळटीप तरी द्या.”

“अहवाल छापायला गेला.”

“मग माझं नाव काढा त्यातून.”

तळटिपेच्या एका ओळीला उशीर झाला होता. नाव मात्र छापखान्याला फोन करून तिच्यादेखत काढलं गेलं.

घरी तिने सगळं सांगितलं. सासरे काही बोलणार तोच त्यांना खोकल्याची उबळ आली. तिने पाणी दिलं, पाठ चोळली आणि चुकलेला तो एक दिवस दुरुस्त करायला लॅपटॉप घेऊन बसली. नवऱ्याने दोनदा जेवायला हाक मारली. दोन्ही वेळा ती “आले” म्हणाली आणि जागची हलली नाही.