न पडलेली भिंत

मुकुंद भाऊजी, माझे धाकटे दीर, गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला. "मोठी आई, बाबा..." एवढंच ती म्हणाली. मी यांना सांगितलं तर हे उठले, चपला घातल्या, म्हणाले, "जाऊन येतो." कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. फाटकापर्यंत गेले आणि परत आले... पुन्हा गेले. दीड महिना झाला, घरात कुणाचंच चित्त जाग्यावर नाही.

मला सारखी आठवते ती एकाहत्तरच्या लढाईतली दुपार. आम्ही तेव्हाही इथे जबलपूरलाच, एका लष्करी कारखान्याच्या दुमजली क्वार्टरमध्ये राहत होतो. यांची नोकरी कारखान्यात. लढाईमुळे सुट्ट्या बंद, हे घरी फक्त झोपायला येत. भाऊजी नुकतेच बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले होते आणि आमच्याकडेच राहत. आमच्या मागच्या अंगणाला लागून, आग विझवायच्या पाण्यासाठी जमिनीखाली मोठी टाकी बांधायची होती. खड्डा एवढा खोल की वरून बघितलं तर खालचे मजूर पोरांएवढे दिसत. आमची इमारत उभी होती काळ्या मातीवर, आणि ती माती पाणी प्यायली की लोण्यासारखी. म्हणून खड्ड्याच्या चारी बाजूंना लाकडी तख्ते उभे केले होते आणि ते आत ढकलले जाऊ नयेत म्हणून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडव्या बल्ल्या, म्हणजे जाड वासे, ठोकल्या होत्या. पण सळया खाली सोडायला बल्ल्या आड येऊ लागल्या, तशा ठेकेदाराने आमच्या बाजूच्या बऱ्याचशा काढून टाकल्या. भाऊजींनी हरकत घेतली. वरचे साहेब म्हणाले, "जंग चल रही है, जल्दी करो."

त्या दुपारी जेवून हात धुवायला गेलेले भाऊजी हात न धुताच मागच्या दारात उभे राहिले. अंगणात घराच्या भिंतीला समांतर अशी एक भेग पडली होती, बोट जाईल एवढी. जवळच्या नळाचं पाणी तिच्यात झिरपत होतं.

"वहिनी, ही कधीपासून आहे?"

"काल तर नव्हती."

त्यांनी नळ बंद केला आणि थेट सासूबाईंच्या खाटेजवळ गेले. मांडीचं हाड मोडल्यामुळे सासूबाई झोपूनच असत.

"काहून रे? बॉम्ब पडून राहिले काय?"

"नाही आई. जमीन सरकून राहिली."

आईला त्यांनी दोन्ही हातांवर उचलून पुढच्या मैदानात नेलं आणि मग एकेक दार वाजवत सुटले. शेजारच्या मिश्राइन म्हणाल्या, "भैया, दाल चढ़ी है, उतर जाए तो आती हूँ." भाऊजींनी स्वतःच शेगडीवर पाणी ओतलं. "दाल बाद में, भाभीजी." क्वार्टरांची सगळी लाईन रिकामी झाल्यावर त्यांनी खड्ड्यातले मजूर वर काढले आणि तख्त्यांना टेकू मिळावा म्हणून उकरलेली माती आमच्या बाजूने वरूनच परत आत लोटायला लावली. साहेब जीपमधून आले. "किसके हुकुम से?"

"मेरे."

आम्ही सगळ्यांनी शाळेच्या वर्गांत मुक्काम केला. थंडी, रडणारी पोरं, कण्हणाऱ्या सासूबाई... हे पाळी संपवून आले ते लोकांचे टोमणे ऐकतच. भरल्या वर्गात ते भावावर ओरडले, "लोक तिकडे सीमेवर मरून राहिले अन् तू मातीला भिऊन राहिला?" भाऊजींनी आईच्या अंगावर स्वतःचा कोट घातला आणि ते भेग बघायला निघून गेले.

भेग वाढली नाही. भिंतीचा एक पोपडासुद्धा पडला नाही. पुढे बल्ल्या दुप्पट ठोकून टाकी थोडी थोडी करत बांधली. ती भरली तोवर लढाई संपलीही होती. भाऊजींकडून खुलासा मागवला गेला, दूर जंगलातल्या रस्त्यांवर बदली झाली, त्यांच्यामागून आलेले पुढे गेले. आणि सख्खे भाऊ कामापुरतं बोलू लागले.

काही वर्षांनी, सासूबाईंच्या तेराव्याला, पाहुणे पांगल्यावर, यांनी अखेर विचारलं, "मुकुंदा, खरं सांग. पडली असती काय?"

"ठाऊक नाही, दादा. कधी वाटते, नसती पडली. रोजच वाटते... पण ठाऊक करून घ्यायचं म्हणजे तुम्हा सगळ्यांना आत ठेवावं लागलं असतं."

हे दिवाणावर थोडे सरकले, म्हणाले, "बस."

निवृत्तीनंतर भाऊजी विजय नगरात आमच्या जवळच राहायला आले, पण त्यांचा पाय घरात ठरत नसे. नेपियर टाउनमध्ये कुठे दुकानांसाठी तळघर खणलेलं दिसलं की ऑटोतून उतरत. शेजारच्या इमारतीला आधार दिलाय का, पाणी कुठे मुरतंय, विचारत राहत. "चाचा, नक्शा पास है," म्हणून लोक हाकलत. ते दुसऱ्या दिवशी परत जात. आम्ही हसायचो. हे चिडायचे.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं. काल जेवायची वेळ झाली तरी हे घरात नव्हते. मी बघायला गेले तर हे काठी टेकून खड्ड्याजवळ उभे. मिस्त्री विनवत होता, "दादाजी, धूप है, घर जाइए."

"पहले बल्लियाँ लगा दो. फिर जाता हूँ."

मी पानं वाढली आहेत म्हणून सांगायला गेले होते... पण ते राहूनच गेलं. मीही त्यांच्याशेजारी उभी राहिले.