मेन स्विचजवळचे रामटेके सर

१० ऑक्टोबर १९९८. कापसाचा हंगाम तोंडावर आला म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरची कापडी कव्हरं धुवायला काढली होती. हात साबणात असतानाच शिपाई सांगत आला, "बाई, रामटेके सर गेले. भीमपूरले, घरीच." मी कव्हरं पिळून दोरीवर टाकली आणि जीप शोधायला निघाले... त्याला आता महिना होत आला.

आदिलाबादच्या आमच्या कापूस खरेदी संस्थेत वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडायचं ठरलं, तेव्हा प्रोग्राम तपासणाऱ्या आम्हा तिघांचे ते प्रमुख झाले. त्याआधी शाळेत गणित शिकवायचे. आमचं काम रंगात आलं की गुपचूप उठायचे आणि दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढायचे. पंखे थांबायचे. मग शांतपणे विचारायचे, "लाइट गेली. आता सांगा, काय उरलं?" बहुतेकदा काहीच उरलेलं नसे. सगळं पुन्हा टाइप करायचं. बोटं दुखायची, डोकं उठायचं. पाठीमागे आम्ही त्यांना 'लाइनमन' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

पहिल्या हंगामाआधी संस्थेचे अध्यक्ष चाचणी पाहायला आले. भरलेल्या बैलगाडीचं वजन पडद्यावर उमटलं, कापूस ढिगात ओतला गेला आणि सरांनी स्विच ओढला. लाइट आली तेव्हा वजन गायब. ढिगातला कापूस पुन्हा कसा मोजणार? सरांनी आकडा आधीच तळहातावर लिहून ठेवला होता, म्हणून त्या गाडीचं निभावलं.

ते टोपणनाव अध्यक्षांपर्यंतही पोचलं होतं. ते भडकले, "काऊन खेळ करून राह्यले, लाइनमन? उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या आमी!"

"साहेब, लाइट तं रोजच जाते. आज म्या घालवली, एवढंच."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "ह्या बाई काय म्हणतात?"

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "त्यायले काऊन विचारता? 'नाही' मी म्हणून राह्यलो."

तो हंगाम आम्ही पावत्या हातानं लिहून काढला. सरांची बढती गेली ती गेलीच. एकदा बस स्टँडवर म्हणाले, "'नाही' म्हणायचाच पगार आहे आपला, सुमनबाई. दमायले होते, पण..." बस आली.

त्या दिवशी सरांना निरोप देऊन मी भीमपूरहून परतले तेव्हा कव्हरं अजून ओलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या प्रोग्रामची चाचणी. तो बनवणारे हैदराबादचे लोक म्हणाले, "मॅडम, सब चेक हो गया." गाडी काट्यावर आली. मी वजन तळहातावर लिहिलं, कापूस ओतला जाईपर्यंत थांबले, मग दाराशी जाऊन स्विच ओढला. लाइट आली. वजन नव्हतं. अध्यक्षांची नजर माझ्या हाताखालच्या नव्या मुलीकडे वळली.

"तिला विचारू नका," मी म्हटलं. "'नाही' मी म्हणते आहे."