एकाच शिटाची गाडी

दादा ट्रॅक्टर चालवायचा तेव्हा मी कायम त्याच्या डाव्या हाताला, मडगार्डवर बसलेली असायचे. निमगाव केतकीत त्याचं कुणाला नवल नव्हतं. मडगार्डवर कोण बसत नाही? पोरंटोरं बसतात, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्याही बसतात. फार तर बायका म्हणायच्या, "ही पोरगी भावाच्या पाठीला चिकटलीय नुसती." म्हणू देत की. मी तिथं का बसते ते आम्हा चौघांनाच ठाऊक होतं: आईला, मामाला, दादाला आणि मला.

दादाला फिट यायची. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी पुष्कळ फरक पडला होता, तरी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी यायचीच. नजर थिजायची, मान हळूच डावीकडं वळायची आणि मग अंग ताठ होऊन झटके सुरू. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. पण वडील आमच्या लहानपणीच गेलेले, शेत पडून ठेवता येत नव्हतं, आणि दादा असा मिस्त्री की भंगारातल्या तुकड्यांतून त्यानं स्वतः ट्रॅक्टर उभा केला होता. फिटचं गावात कळलं तर त्याला पोरगी कोण देणार आणि मला कोण करून घेणार, हा आईचा घोर वेगळाच. शेवटी आईनंच तोड काढली. "तू बस त्याच्यापाशी. मान वळली की आदी इंजिन बंद कर, मग त्याला धर." ट्रॅक्टरला इंजिन बंद करायचा दट्ट्या असतो, तो ओढला की इंजिन जागच्या जागी बसतं. तेवढंच माझं काम.

तेवढंच म्हणते खरी. लोकांच्या पोरी त्या वयात आरशात बघतात, मी भावाच्या मानेकडं बघत मोठी झाले. एकदा नीरेच्या कालव्यावरून येताना त्याची मान वळली. मी दट्ट्या ओढला तेव्हा पुढचं चाक भरावाच्या कडेवर होतं आणि खाली कालवा भरून चालला होता. त्या दिवशी घरी येऊन मी भाकरी थापायला बसले, पण एक भाकरी धड होईना. दादा चुलीपाशी येऊन नुसता बसून राहिला. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

मग माझं लग्न ठरलं. माळेगावच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा, बघण्याच्या दिवशी मान वर करून बघेना इतका गरीब. सुपारी फुटली, आईनं पेढे वाटले. माझ्यामागं मडगार्डवर कोण बसणार, हे मात्र कुणी तोंडातून काढीना. मी एकदा विषय काढला तर आई म्हणाली, "देव बसंल." मला असला राग आला! देवाला दट्ट्या कुठं असतो ते तरी ठाऊक आहे का?

अशातच त्या गाडीचं कुठून तरी निघालं. दादाला लहानपणापासून रेसच्या गाड्यांचं वेड. पूर्वी आपल्या देशाचा एक मोठा चॅम्पियन होऊन गेला होता, त्याचा वर्तमानपत्रातला फोटो दादानं गॅरेजमध्ये खंडोबाच्या शेजारी चिकटवला होता. रोज उदबत्ती दोघांनाही. बारामतीच्या स्पेअर पार्टवाल्यानं त्याला बातमी दिली, की मोरगावजवळ पुण्याच्या एका गृहस्थांनी माळरान घेतलंय, त्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये त्या चॅम्पियनची खरीखुरी रेसची गाडी पडून आहे, आणि त्यांना शेतीला ट्रॅक्टर हवाय.

दुसऱ्याच दिवशी दादानं ट्रॅक्टर काढला. मी नेहमीसारखी मडगार्डवर. बारामती मागं पडली, ऊस संपला, बाजरीची रिकामी रानं आणि शेरडं लागली. दादा वाटभर शीळ घालत होता. मला वाटलं, बघायला चाललाय. बघून येईल आणि चार महिने तेच सांगत बसेल.

ते गृहस्थ म्हातारे होते, पांढरी अर्धी विजार आणि डोक्यावर टोपी. तरुणपणी ते त्या चॅम्पियनच्या बरोबर गाड्या घेऊन मद्रासपर्यंत जायचे. शेडमध्ये कोंबडखताचा वास डोळ्यांत जात होता. त्यांनी पोती बाजूला केली आणि खालून लांबोडकी, बुटकी, लाल रंग उडालेली एक वस्तू निघाली. चाकं उघडी, दारं नाहीत, टप नाही. माझ्या कमरेएवढीसुद्धा उंच नव्हती. दादानं आधी चप्पल काढली.

"कसा होता हो तो?" त्यानं विचारलं.

"बारीक होता," म्हातारबाबा म्हणाले. "तुमच्यासारखाच. ही सीट त्याच्या अंगाच्या मापानं केलीय, धिप्पाड माणूस आत जातच नाही. बसून बघा."

दादा आत उतरला आणि म्यानात तलवार बसावी तसा बसला. चेहऱ्यावर असं काही आलं की मी तसं त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मी मात्र गाडीभोवती फिरत होते. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, मागं इंजिन होतं तिथंही वाकून बघितलं.

"दुसरं माणूस कुठं बसतं ओ बाबा?"

ते हसले. "नाही हो बाई. ही एकाच माणसाची गाडी."

मी दादाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि तेव्हाच मला कळून चुकलं की त्याला हे आधीपासून माहीत होतं. सौदा तिथंच झाला. गाडी आमची, ट्रॅक्टर त्यांचा. इतकी वर्षं मी जिथं बसले ती जागा त्यानं माझ्या देखत देऊन टाकली, आणि मी परक्या माणसासमोर एक शब्द बोलू शकले नाही. का देऊ नये, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मामाच्या उसाच्या ट्रॉलीतून, वर ताडपत्री घालून, गाडी गावात आली. मग काय विचारता! "किती टन ऊस वाहती?" "घरच्यांनी काय मागनं पळायचं का?" "नवरी हिच्यातच बसवून धाडा!" आई पंचारती घेऊन आली, लिंबू-मिरची बांधायला जागा शोधू लागली, ती काही सापडेना, तर कुंकू लावून म्हणाली, "आता बाहीर काढू नको हिला, हितंच ऱ्हाऊ दे." दादा सगळ्यांना सांगत होता, हितं त्याचा हात असायचा, हितं त्याचा पाय. महिनाभर गाडीखाली घुसून त्यानं तिचा एकेक भाग धुतला. मध्यरात्र उलटली तरी त्याच्या गॅरेजचा दिवा विझत नसे.

मी गप्प बसणारी नव्हे. एकदा प्लग काढून ज्वारीच्या कणगीत टाकले. त्यानं बारामतीहून नवे आणले. पेट्रोल सांडून टाकलं, त्यानं परत आणलं. भांडले, अबोला धरला, जेवले नाही. जेवण सोडलं त्या दिवशी तो माझ्यापुढं ताट घेऊन बसला आणि म्हणाला, "एकदाच चालवू दे बाय. एकदाच. मग ज्याला पायजे त्याला दिऊन टाकतो." मामा म्हणाला, आपण नाही म्हटलं तर हा गुपचूप रस्त्यावर काढेल, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांदेखत होऊ दे. मला पटलं नाही, पण दुसरं सुचतही नव्हतं.

जागा दादानंच सांगितली. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं हटतं आणि मैल मैल सपाट, टणक गाळ उघडा पडतो. झाड नाही, दगड नाही, गुरंसुद्धा काठाकाठानंच चरतात. मामानं ट्रॉलीतून गाडी तिथं नेली. ऊन नुकतं चढत होतं, लांब पाणी चमकत होतं. दादाचे डोळे लाल होते, झोपला नसावा. मी त्याला पट्टे बांधले. दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून.

"एकच फेरी," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला.

मी आणि मामानं ढकलली, आणि गाडी अशी किंचाळली की पाण्यावरचे पक्षी एकदम उठले. बघता बघता ती बोटाएवढी झाली, लांबून वळली, परत आमच्या बाजूनं आली, आणि थांबलीच नाही. दुसरी फेरी. तिसरी. मी हात हलवत होते, पदर सोडून हलवत होते, "बास! बास झालं!" म्हणून घसा फोडत होते. आमच्यासमोरून जाताना मी फक्त त्याची मान बघायचे. हेल्मेटमुळं काही कळायचं नाही. इतकी वर्षं जी मान मी हाताच्या अंतरावरून बघितली होती, ती आता माझ्यासमोरून फर्रकन निघून जात होती आणि मी नुसती उभी होते. मामा "खंडोबा, खंडोबा" करत होता. मी त्याच्यावरच ओरडले, "आडवा जा की त्याला!" जाणार कुठं तो?

मग गाडी पाण्याच्या बाजूला गेली आणि आवाज बंद पडला.

एकदम. जसा दट्ट्या ओढल्यावर पडतो तसा. धूळ खाली बसली, लांबवर लाल ठिपका दिसला. हलत नव्हता. मी पळत सुटले. चपला कुठं गेल्या कळलं नाही, वाळलेल्या गाळाच्या भेगांत पाय अडकत होते, पडले, उठले. मनात एकच, उलटली नाही, उलटली नाही, म्हणजे आहे. देवा, असू दे.

दादा गाडीत होता आणि त्याला फिट आली होती. पट्ट्यांत आवळलेलं अंग झटके देत होतं, डोकं मागं आपटत होतं. त्याला कुशीवर वळवायला त्या सीटमध्ये बोटभर जागा नव्हती. मी एका हातानं डोकं धरलं आणि दुसरा हात सवयीनं इंजिन बंद करायला पुढं नेला. स्विच आधीच बंद होता.

तेव्हा त्याचा अर्थ लावायला वेळ नव्हता. मामा धापा टाकत आला, पट्टे सोडले, हेल्मेट काढलं, दोघांनी मिळून त्याला बाहेर ओढून गाळावर कुशीवर निजवलं. झटके ओसरले. बराच वेळ तो कुणाला ओळखेना. मामा पाणी आणायला ट्रॉलीकडं गेला, मी दादाच्या तोंडावर सावली धरून बसले. मागं वळून पाहिलं तर चाकांचे वळ सरळ आले होते, आणि शेवटी ब्रेक दाबल्याची काळी, खोल रेघ होती.

त्यानं डोळे उघडून मला नावानं हाक मारली तेव्हा मी विचारलं, "स्विच कुनी बंद केला?"

"म्याच."

"फिट आली असताना?"

"त्येच्या आदी. मला आदी कळतं बाय. डोळ्यापुढं पिवळं येतं. थोडा येळ असतो."

"कदीपासनं कळतं तुला?"

"पयल्यापासनं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "पयल्यापासनं? आन् मी इतकी वर्षं तुज्या मानंकडं बगत जीव मुठीत धरून बसले ती? कालव्यावर बी कळलं हुतं?"

"हुतं." तो लहान आवाजात म्हणाला. "कळायचं, पर हात उचलायचाच न्हाय. तू हायस म्हनताना हात कदी उचललाच न्हाय. आता तू जानार. मला बगायचं व्हतं, कुनीच नसलं की उचलतोय का."

मी त्याच्या लाल डोळ्यांकडं बघितलं. गोळी घेतली की त्याला रात्री जागवायचं नाही, आणि महिनाभर तर गॅरेजचा दिवा विझला नव्हता; मला भलताच संशय आला. "गोळ्या घेतल्या का काल?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"दादा, गोळ्या कदीपासनं बंद हायत?"

"गाडी आली तवापासनं," तो म्हणाला. "झोप बी मुद्दाम मोडली, जागरनानं लवकर येती. फिट आल्याबिगर कसं कळंल?"

मी म्हणाले, "आन् हात उचलला नसता तर?"

त्यानं पाण्याकडं पाहिलं. काठापासून गाडी फार लांब नव्हती. "म्हनून तर हितं आलो," तो म्हणाला. "हितं दुसरं कुनी मधी यायला न्हाय."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा घातला. मग त्यालाच कवटाळून अशी रडले की पाणी घेऊन आलेला मामा तसाच तांब्या धरून उभा राहिला. दादा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, आजारी मी असल्यासारखा.

"आता तरी बिनघोर जाशील नव्हं सासरला?" त्यानं विचारलं.

मी व्हय म्हणाले. मेल्या, दुसरं काय म्हणायला जागा ठेवली होतीस तू?